गोधडीकाकींचा भाव

किंमत विचारली की गोधडीकाकी स्वयंपाकघरात पळायच्या. गिऱ्हाईक ओसरीवर, समोर पसरलेली नवी गोधडी, आणि काकी आत काहीतरी शोधत भांडी वाजवणार. "काकी, किती द्यायचे?" असं दोनदा ओरडून विचारल्यावर आतूनच उत्तर यायचं, "द्या न बाप्पा, जे वाटन ते!" आणि पाठोपाठ चहा. लोक चहा पिऊन पाचशे-सहाशे ठेवून जायचे. काकी त्यावर खूश.

मी भद्रावतीला एका शाळेत गणित शिकवायला गेले, तेव्हा त्यांच्या माडीवरची खोली भाड्याने घेतली होती. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं, ऐकलं, आणि पुढची चार वर्षं मला फक्त मास्तरीण म्हटलं.

काकींच्या गोधड्या जुन्या टी-शर्टांच्या. त्याची सुरुवात काकांपासून झाली. काका कोळसा खाणीतून निवृत्त झाले, तेव्हा घरात फुकट मिळालेल्या टी-शर्टांचा ढीग होता. सुरक्षा सप्ताहाचे, रक्तदानाचे, कुठल्याशा क्रिकेट सामन्यांचे. काका दुपारी झोपलेले असताना काकींनी तो सगळा ढीग कापला. जागे झाल्यावर काकांनी कपाट उघडलं आणि तसेच बनियनवर ओसरीत येऊन म्हणाले, "अंगावरचं तेवढं काऊन सोडलं?" पण थंडीत त्या तुकड्यांच्या गोधडीला त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. शेजाऱ्यांनी ती पाहिली आणि आपापल्या पिशव्या घेऊन येऊ लागले. कोणी शिकायला बाहेरगावी गेलेल्या मुलीचे शाळेचे टी-शर्ट आणायचं, कोणी बाळाचे इवले इवले.

हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. टी-शर्टाचं कापड ताणलं जातं. सरळ शिवलं तर चौकोनाचा भोपळा होतो. म्हणून काकी आधी प्रत्येक तुकड्यामागे मांजरपाट टाचून घ्यायच्या, मग चौकोन मशीनवर जोडायच्या, खाली जुन्या सुती लुगड्याचं अस्तर आणि सगळ्यावरून हाताने धावदोरा. टाके इतके सारखे, की मी एकदा पट्टी लावून पाहिली. "मोजून काय राह्यली मास्तरीण? माहा हातच पट्टी हाय," त्या म्हणाल्या.

मोजायची सवय मला नडली. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्याजवळ बसून एक गोधडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिली. सोळा टी-शर्टांना पूर्ण आठ दिवस लागले. कापड आणि दोरा साडेतीनशेचा. गिऱ्हाईक सहाशे ठेवून गेलं.

"काकी, आठ दिवसांचे अडीचशे झाले. त्यापेक्षा भाताच्या रोवण्याला गेलात तर बरी रोजी मिळेल."

"रोवण्यात कंबर मोडते वं. इथी त मी बसून राह्यते," त्या हसत म्हणाल्या. पण हसता हसता थांबल्या. सुई तशीच कापडात टोचून ठेवली. मग हळूच विचारलं, "किती व्हाले पाह्यजे मंग?"

रोजाचे चारशे धरले, कापड-दोरा मिळवला, वरचे पन्नास सोडले. साडेतीन हजार. काकींनी तो आकडा दोनदा पुटपुटला आणि म्हणाल्या, "एवढे पैसे तोंडातून निघतीन का माह्या?"

निघाले. चंद्रपूरहून एक बाई मुलाच्या टी-शर्टांची बॅग घेऊन आल्या. काकी पहिल्यांदाच आत पळाल्या नाहीत. पदर खोचून उभ्या राहिल्या आणि चिरक्या आवाजात म्हणाल्या, "साडेतीन हजार." त्या बाईंनी आधी काकींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दुकानात नवीन ब्लँकेट आठशेला मिळतं हो," त्या म्हणाल्या आणि बॅग उचलून चालत्या झाल्या.

त्यानंतर दीड महिना कोणी आलं नाही. गावात बातमी पसरली होती, की काकींना माडीवरच्या मास्तरणीने बिघडवलं. काकी माझ्याशी बोलायच्या, पण रोज जिन्याने वर येणारी भाजीची वाटी बंद झाली. मशीन कापडाने झाकलेलं दिसलं की मी पाय न वाजवता जिना चढायचे. आपण कोण, यांच्या सुखात नाक खुपसणारे? शेवटी मीच खाली गेले. "काकी, जुनाच भाव ठेवा. माझं चुकलं."

काकी शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "चुकलं नाई. मी रागावली व्हती, ते खरं. पण तुह्यावर नाई. इतके दिवस मीच मले फुकटात घालवून राह्यली व्हती, त्याचा राग आला." वर मान करून पुढे म्हणाल्या, "आता भाव खाली नाई येत. गोधड्या नाई आल्या तरी चालन."

आणि मग एका रविवारी गोंडपिपरीकडच्या बारा मुली आल्या. मुली कसल्या, बाया झालेल्या. कोणी नर्स, कोणी पोलीस, एकीच्या कडेवर बाळ. शाळेत असताना सगळ्या कबड्डीच्या एकाच संघात होत्या. त्यांच्या खेळाच्या मॅडम निवृत्त होणार होत्या, आणि सगळ्यांच्या जुन्या जर्सी जोडून मॅडमना गोधडी द्यायची होती. काकींनी भाव सांगितला. या वेळी आवाज चिरकला नाही.

पोलीस असलेली मुलगी म्हणाली, "काकी, आमच्याकडं सत्ताविसशेच जमले. कमी करा न."

मला वाटलं, आता काकी विरघळणार. काकींनी बोटांवर काहीतरी जुळवलं. "भाव कमी नाई होत. काम कमी होते. धुणं, उसवणं, इस्त्री, कापणं तुम्ही करा. माहे दोन दिवस वाचतीन. दोन दिवसाचे आठशे कमी."

मी गणिताची मास्तरीण, पण हे मला सुचलं नव्हतं.

पुढचे दोन रविवार ते अंगण म्हणजे जत्रा होती. मुली उसवायच्या कमी आणि खिदळायच्या जास्त. दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी खडूने रेघ मारली आणि कबड्डी सुरू केली. नर्सने काकांनाच पंच केलं. काका इतके गोंधळले, की दोन्ही बाजूंना गुण देत सुटले. काकी हातात कात्री घेऊन ओरडत होत्या, "पकड तिले! पाय पकड!"

मॅडम निवृत्त झाल्यावर आठवड्याभरात स्वतः भद्रावतीला आल्या, गोधडी कोणी शिवली ते पाहायला. सोबत गोधडीही आणली होती. ओसरीवर ती पसरून एकेका नंबरावर हात ठेवत सांगत होत्या, या सात नंबरचं कोपर कसं मोडलं होतं, ही चार नंबर घरून पळून कशी सरावाला यायची. काकी डोळे पुसत ऐकत होत्या. शेवटी न राहवून म्हणाल्या, "मॅडम, पोरींनी सत्ताविसशे दिले. पण खरा भाव साडेतीन हजार हाय, मालूम असू द्या." मॅडम मोठ्याने हसल्या आणि आपल्या बहिणीसाठी एक गोधडी सांगूनच गेल्या. पूर्ण भावात. मग गिऱ्हाइकं येत राहिली. पहिल्याइतकी नाही, पण काकींच्या हाताला पुरतील इतकी.

चार वर्षांनी माझी बदली झाली. निघण्याआधी मी माझे सोळा टी-शर्ट घेऊन खाली गेले. कॉलेजचे, सहलींचे, बाबांचे दोन. काकींनी एकेक उलटून पाहिला. "साडेतीन हजार," त्या शांतपणे म्हणाल्या.

मला, खोटं कशाला बोलू, थोडं लागलं. "माझ्याकडूनही?"

"तुह्याकडून त पह्यले! तुलेच कमी सांगतलं, त तू मले शिकवलं काय?"

मी पैसे दिले. आयुष्यात इतक्या आनंदाने क्वचितच कशाचे दिले असतील. गोधडी झाली त्या दिवशी काकींनी मला जेवायला बसवलं. कोथिंबिरीची सांबारवडी, झुणका, ज्वारीची भाकर, वर नको म्हणताना वाढलेला भात. हात धुऊन मी थट्टेने पर्स उघडली. "जेवणाचे किती झाले, काकी?"

काकी उलथनं घेऊन उठल्या. "त्याचा भाव काढशीन त गाडी चुकवीन तुही!" असं म्हणत अंगणाच्या फाटकापर्यंत माझ्यामागे धावल्या, आणि तिथे पोहोचल्यावर त्यांनी मला घट्ट मिठी मारली.