सबनीस टायपिंगचे दहा कॉम्प्युटर

शुक्रवार पेठेत एका पिठाच्या गिरणीच्या वर आनंदी सबनीस यांचा टायपिंगचा क्लास आहे. गिरणीतलं पीठ दिवसभर उडतं आणि वर येऊन कॉम्प्युटरच्या पंख्यांत बसतं. म्हणून महिन्यातून एका रविवारी बाई पदर खोचतात, दहाही मशीन उघडतात आणि रंगाऱ्याच्या ब्रशने आतलं पीठ झाडतात. दाराशी पेपर वाचत बसलेले त्यांचे यजमान अनंतराव दर वेळी विचारतात, "किती पोळ्यांचं निघालं?"

मशीन जुनीच. खराडीतल्या एका कंपनीने मोडीत काढलेली बाईंनी आणली. सात नंबरचं सुरू होताना लांब शिटी मारायचं. बाई त्याची मेमरीची पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवरून पेन्सिलीचं खोडरबर फिरवायच्या, पट्टी परत बसवायच्या, की ते मुकाट्याने चालू. तीन नंबरचं रोज सकाळी दोन हजार नऊ सालात जागं व्हायचं. आतला नाण्याएवढा सेल बदलल्यावर ते चालू सालात आलं.

हे त्यांना कुठल्या कोर्समध्ये शिकवलं नव्हतं. लग्न होऊन आल्या तेव्हा या खोलीत सासऱ्यांचे चौदा टाइपरायटर होते. एखादा अडला की सासरे म्हणायचे, "आनंदी, एका वेळी एकच स्क्रू. दोन फिरवलेस तर कुठल्याने सुधारलं ते देवालाही कळायचं नाही." पुढे परीक्षा कॉम्प्युटरवर गेल्या आणि टाइपरायटर भंगारात. सत्तेचाळिसाव्या वर्षी बाईंनी नेटवर्कच्या केबलमधल्या आठ तारांचे रंग पाठ केले. भाजी चिरताना त्या मोठ्याने म्हणायच्या: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा... अनंतरावांना वाटायचं, साडी घ्यायची आहे.

टायपिंगच्या परीक्षेचं केंद्रही याच खोलीत. यंदा दसऱ्यानंतरच्या शनिवारी त्या केंद्राची तपासणी होती. टाइप करायचे उतारे एक नंबरच्या मशीनमध्ये ठेवलेले असतात. त्याला सर्व्हर म्हणतात. बाकीची नऊ मशीन केबलमधून त्याच्याकडे उतारा मागतात. तपासणीच्या वेळी नऊ जागी एकदम उतारा उघडला, तर केंद्र राहणार, नाहीतर जाणार. केंद्र गेलं की मुलं परीक्षेला हडपसरला, आणि महिन्याभरात शिकायलाही तिकडेच.

शनिवारी सकाळी सात वाजता बाईंनी बटणं दाबली. नऊ पडद्यांवर एकच ओळ आली : सर्व्हर सापडत नाही.

तपासणी बारा वाजता होती. नऊ वाजता तपकीर गल्लीतल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातून केदार आला. त्याने एक नंबरच्या मागे वाकून बघितलं, जिथे केबल लागते तिथला हिरवा दिवा बंद होता.

"मॅडम, याचं लॅन कार्ड उडालंय. ते बोर्डवरच असतं, म्हणजे बोर्डच गेला. इतकं ओल्ड मशीन, पार्ट कुठे मिळणार? नवीन घ्या, मंडेला फिट करून देतो."

"तपासणी आज आहे."

"मग त्यांना पोस्टपोन करायला सांगा ना."

"सांगतो की," दाराशी बसलेले अनंतराव म्हणाले, "आणि हातात दसऱ्याचं सोनंही देतो."

केदार फोनवर बोलायला जिन्यात गेला. बाई एक नंबरच्या मागे जमिनीवर बसल्या. दिवा लागत नाही हे खरं. पण दिवा लागत नाही म्हणजे बोर्ड गेला, हे कुणी ठरवलं?

त्यांनी शेजारच्या चार नंबरची केबल काढली आणि एक नंबरला लावली. हिरवा दिवा लागला. म्हणजे मशीन ठणठणीत होतं. मग एक नंबरची केबल चार नंबरला लावली. दिवा बंद. म्हणजे दोष एकतर केबलमध्ये, नाहीतर ती जिथे जाते त्या स्विचमध्ये. स्विच म्हणजे भिंतीवरची सोळा खाचांची पेटी. सगळ्या मशीनच्या केबली तिथे येऊन मिळतात. त्यांनी तीच केबल तिथल्या एका खाचेतून काढून दुसऱ्या रिकाम्या खाचेत घातली.

दिवा लागला.

इथे दुसऱ्या कुणी चहा मागवला असता. बाईंनी स्विचची पिन काढली आणि मोबाइलच्या बॅटरीने मोकळ्या खाचेत बघितलं. आत तळाशी, पितळी काट्यांना चिकटून, कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा.

खंडेनवमीला त्यांनी सगळ्या केबली सोडवून स्विच पुसला होता, पाटावर मांडला होता, हळदकुंकू लावलं होतं आणि चांगल्या मूठभर अक्षता वाहिल्या होत्या. मग केबली परत खुपसल्या. त्यानंतर सुट्टीत मशीन बंदच होती. दाण्यामुळे एक नंबरची केबल शेवटपर्यंत टेकलीच नव्हती.

भुवयांच्या चिमट्याने त्यांनी दाणा बाहेर काढला. अनंतराव चष्मा सावरून बघायला आले.

"देवाला वाहिलेलं परत घेतेस?"

"उत्तरपूजा झाली समजा."

सोळाही खाचा बघून झाल्या. आणखी एकीत दाणा निघाला. मग त्यांनी स्विच चालू केला, केबली आपापल्या मूळ जागी लावल्या आणि उतारा मागवला. नऊ ठिकाणी उघडला. साडेदहा वाजले होते. केदार वर आला आणि पडदे बघून म्हणाला, "असं होतं कधीकधी, आपोआप."

"हो," बाई म्हणाल्या, "आपोआप."

बारा वाजता तपासनीस सलिल घोडेकर आले. त्यांनी मशीनवरून नजर फिरवली.

"म्युझियममधली दिसतात."

"चालतात."

नऊ मुलं बसली, उतारा उघडला, खडखडाट सुरू झाला. घोडेकर पाठीमागे हात बांधून टेबलांमागून एक चक्कर मारून आले. तेवढ्यात सहा नंबरवरची श्रद्धा ओरडली. ती वर्ध्याहून येऊन इथे राहणारी. "मॅडम, माझा उतारा गेला ना जी!"

बाई तिच्याकडे गेल्याच नाहीत. त्या स्विचसमोर उभ्या राहिल्या. दहाऐवजी नऊ दिवे, सहावा बंद. मग त्या सहा नंबरच्या टेबलामागे वाकल्या, लोंबकळणारं केबलचं टोक उचलून खाचेत बसवलं. टक्. श्रद्धाचा उतारा परत आला. मिनिटही लागलं नाही.

"घोडेकर साहेब, तुमचा पाय लागला असेल."

"पाय नाही, हात. मुद्दाम काढली."

"मग पुढच्या वेळी क्लिप दाबून काढा. नुसती ओढली तर मोडते ती."

घोडेकरांनी फॉर्म पुढे ओढला. "बिघाड झाल्यास जबाबदार तंत्रज्ञ. नाव?"

"माझं घाला सर," तपासणी बघायला थांबलेला केदार पुढे झाला, "आमच्या दुकानाचा शिक्का आहे."

"आनंदी अनंत सबनीस," बाई म्हणाल्या.

"पात्रता?"

"मराठी चाळीस, इंग्रजी साठ."

"टायपिंगचं नाही, दुरुस्तीचं विचारतोय."

"ते आत्ता तुम्हीच तपासलंत."

घोडेकरांनी पेनाचं टोपण दोनदा उघडलं, मिटलं. मग लिहिलं आणि खाली सही केली : केंद्र मंजूर, तीन वर्षं. मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि नऊही जणांनी हात कीबोर्डवरून उचलले.

"टाळ्या कसल्या वाजवताय?" बाई म्हणाल्या. "चार मिनिटं राहिली आहेत. उतारा पुरा करा."