बँडकडचा माणूस

एकोणीसशे तीस-बत्तीस साल असेल. नाशकात मी कारकुनीला नवा होतो आणि खोलीवर बोलायला कुणी नव्हतं. वरातींचा मला तिटकारा. पण एका संध्याकाळी खानावळीकडे जाताना चौकात वरात थांबली, बँडवाल्यांनी गोल केला, आणि क्लॅरोनेटवाल्यानं असा सूर धरला की मी जेवायचं विसरलो. पुढे त्या बँडमागे मी बिनबोलावता वराती हिंडू लागलो.

तिथे एक म्हातारे गृहस्थ हमखास दिसत. काळी टोपी, बगलेत छत्री. चालायचे ते क्लॅरोनेटवाल्याच्या उजव्या हाताला. गाणं संपलं की नुसती मान हलवत.

एकदा मी विचारलं, "आपण मुलाकडचे की मुलीकडचे?"

"बँडकडचा," ते क्लॅरोनेटवाल्याकडे बोट करत म्हणाले. "घरी कुणी उरलं नाही. इथं मी आलो की याला कळतं."

पुढच्या लग्नसराईत ते दिसले नाहीत. चौकात बँड थांबला, तेव्हा क्लॅरोनेटवाला सवयीनं उजवीकडे वळला आणि त्या रिकाम्या जागेकडे बघत वाजवत राहिला. मग गर्दीत फिरून त्याची नजर माझ्यावर थांबली. त्यानं भुवईनंच जागा दाखवली.

मी बावीस वर्षांचा होतो. मुकाट्यानं जाऊन त्या जागी उभा राहिलो.