वखारीच्या भिंतीवरचा दोन

जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी एपी नावाच्या परीक्षेचे निकाल लागतात, आणि त्या सकाळी गॅन्योंच्या बटाट्याच्या वखारीत मोठ्या माणसांना मज्जाव असतो. वखार तेव्हा रिकामी असते. निम्मी टेकडीच्या पोटात, निम्मी बाहेर, आणि आत ऐन जुलैतही स्वेटर घालावा लागतो. गावातली परीक्षा दिलेली पोरं तिथे जमतात, फोन उघडतात आणि एकेक जण आपला आकडा मोठ्याने सांगतो. एक ते पाच, एवढीच मोजपट्टी. शाळेत असतानाच कॉलेजच्या तोडीचा एखादा विषय घ्यायचा, मे महिन्यात अख्ख्या देशाबरोबर पेपर द्यायचा. तीन मिळाले तर निभावलं, चार-पाच मिळाले तर कॉलेज तो विषय झालाच असं धरतं.

आकडा सांगून झाला की सुताराच्या जाड पेन्सिलीने तो मागच्या फळ्यांच्या भिंतीवर लिहायचा. नाव, विषय, आकडा आणि मागून येणाऱ्यांसाठी एक सल्ला. लिहिलेलं खोडायचं नाही, एवढा एकच नियम. तीस वर्षांचे आकडे तिथे आहेत. आता बापये झालेले लोक काढणीच्या दिवसांत बटाटे ओतायला येतात आणि पोरांना आपला जुना चार दाखवून छाती फुगवतात. ज्यांना एक मिळाला होता ते दुसऱ्या बाजूने गाडी लावतात.

ऑडिल मिशो सोळा वर्षांची होती तेव्हा तिने त्या भिंतीसमोर उभं राहून फोन उघडला. विषय जीवशास्त्र. वर्गात पहिली येणारी पोरगी. जीवशास्त्र शिकवणाऱ्या टेरिओ बाईंनी तर चार धरूनच ठेवला होता.

"दोन," ऑडिल म्हणाली.

मग ब्रेंट गॅन्योने, म्हणजे वखारीच्या मालकाच्या मुलानेच, तोंड उघडलं. त्याला गणितात पाच होते, त्यामुळे तोंड जरा जास्तच उघडलं.

"दोन? तू? अगं, आम्हाला शिकवत होतीस ना बसमध्ये?"

"मी उत्तरं चुकीच्या पुस्तिकेत लिहिली."

"काय?"

"दोन पुस्तिका देतात. हिरवीत प्रश्न, नारिंगीत उत्तरं लिहायची. मी हिरवीतच लिहीत गेले. हिरवी कोणी तपासत नाही. कळलं तेव्हा दहा मिनिटं उरली होती. सहातलं दीड उत्तर उतरवलं, तेवढ्यात घंटा झाली."

"हे बरंय," ब्रेंट म्हणाला. "पुढच्या वर्षी नापास झालो की मीपण सांगीन, माझी हुशारी हिरव्या वहीत राहिली."

सगळी हसली. त्यांचंही काही चुकलं नाही. मलाही हसूच आलं असतं. पण ऑडिलच्या डोक्यात तिडीक गेली. एक मिळाला असता तर काहीतरी घोळ झाला असं लोकांनी मानलं तरी असतं. दोन म्हणजे पोरीची कुवतच तेवढी.

खरं तर चूक अशी झाली होती. त्यांची शाळा एवढीशी. टेरिओ बाई जुन्या पेपरांच्या झेरॉक्स काढून सराव घ्यायच्या आणि कागद वाचवायचा म्हणून प्रश्नाखालीच जागा सोडायच्या. वर्षभर पोरं प्रश्नाखाली लिहीत आली. मोठ्या शाळांतली पोरं दोन पुस्तिकांवर सराव करतात; ह्यांनी त्या पहिल्यांदा पाहिल्या त्या थेट परीक्षेच्या हॉलमध्ये. सूचना वाचून दाखवल्या होत्या, पण ऑडिल तेव्हा मनातल्या मनात पहिलं उत्तर जुळवत होती. हात आपल्या सवयीने प्रश्नाखाली गेला.

वरच्या फळ्या भरून गेल्या होत्या, म्हणून तिने गुडघे टेकून खालच्या फळीवर लिहिलं. ऑडिल मिशो, जीवशास्त्र, २. सल्ल्याच्या जागी पेन्सिल क्षणभर थांबली. मग तिने लिहिलं : नारिंगीत लिहा. हिरवं कोणी वाचत नाही.

"पुढल्या वर्षी पुन्हा बसणार आहे मी," उठताना ती म्हणाली. "ह्याच विषयाला. आणि इथंच येऊन लिहिणार."

"लिही की," ब्रेंट म्हणाला. "जागा आहे भरपूर."

घरी तिची आई लोरेन तव्यावर प्लॉय टाकत होती. प्लॉय म्हणजे कुट्टूच्या पिठाची जाळीदार धिरडी. ती उलटायची नसतात, आणि लोरेनही एकदा बोललेलं उलटवत नाही. गॅन्योंच्याच शेतावर ती वीस वर्षं कामाला होती.

"लिहिलास आकडा?"

"लिहिला."

"काढणीत गावभराची नजर पडेल त्याच्यावर."

"ठाऊक आहे मम."

"मग ठीक आहे," लोरेन म्हणाली आणि लोण्याचा डबा पुढे सरकवला. ऑडिलला वाटलं होतं, आई जवळ घेईल. तिने घेतलं नाही, आणि ते ऑडिलला बरेच दिवस खुपत राहिलं.

ऑगस्टमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा कळलं, की ह्या वर्षी जीवशास्त्राचा तो वर्गच भरणार नाही. दोनच नावं आली होती, एक ऑडिलचं आणि दुसरं डेल्फिन सूसी नावाच्या एक वर्ष मागच्या मुलीचं. दोघींसाठी वर्ग चालवणं शाळेला परवडणारं नव्हतं. टेरिओ बाईंनी दोघींना बोलावून घेतलं.

"परीक्षेला नावं मी घालते. पण शिकवायला तास नाही मला. जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास, बस्स. तेवढ्यावर जमणार असेल तर बघा."

"जमेल," ऑडिल म्हणाली.

"तुला पुस्तक येतं ऑडिल. तुझ्या हाताला वळण लावायचंय." बाईंनी कपाटातून नारिंगी पुठ्ठ्याची वही काढून तिच्यापुढे टाकली. "प्रश्न डाव्या हाताला, ही उजव्या. ह्याच्याबाहेर एक शब्द लिहिलास तर तो मी वाचणार नाही. आणि चूक माझीपण होती. कागद वाचवायला गेले मी." एवढं बोलून बाई फळा पुसायला वळल्या. शाळेत कधी कोणत्या शिक्षिकेने असं कबूल केलेलं ऑडिलने ऐकलं नव्हतं.

त्याच दिवसांत तिने फोनवर देशभरच्या पोरांच्या एका चावडीत नाक खुपसलं. तिथे हजारो जण आपले आकडे मांडून बसलेले आणि प्रत्येकाकडे सल्ला तयार. एकाने सहा विषयांत पाच मिळवले होते. त्याचा कार्यक्रम सगळ्यांनी डोक्यावर घेतला होता. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेपासून रोज दोन तास, शांत खोली, फोन दुसऱ्या खोलीत. ऑडिलने विचारलं, सप्टेंबरात काढणी असेल तर काय करायचं? उत्तर आलं, काढणी म्हणजे काय?

आमच्याकडे सप्टेंबरच्या मध्याला शाळा तीन आठवडे बंद होते, कारण बटाटे जमिनीत थांबत नाहीत. पहाटे साडेपाचला पोरं यंत्रावर चढतात आणि अंधार पडल्यावर उतरतात. परीक्षेची तारीख मात्र देशभर एकच. ते तीन आठवडे कोणी परत देत नाही. ऑडिलने तो सल्ला दोनदा वाचला, तिचं पित्त खवळलं, आणि मग ती शांतपणे कागद कापायला बसली. हाताच्या तळव्याएवढी चिठ्ठी, एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. अशा दोनशे चिठ्ठ्या. रोज दहा, पावाच्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून यंत्राच्या कठड्याला चिकटपट्टीने बांधायच्या.

काढणीयंत्रावर सरकत्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना चारचार जण उभे राहतात. बटाट्यांबरोबर दगड, ढेकळं, वेली येतात. ते वेचून बाहेर फेकायचे. समोर तांत उर्सुल उभी असायची. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, सगळ्या गावाची मावशी म्हणून तांत. चौथ्या दिवशी तिने हात लांबवून पिशवीच आपल्याकडे ओढली.

"तुझे हात दगडांवर असू देत. मी विचारते. पेशीला ऊर्जा कुठून मिळते?"

ऑडिलने सांगितलं.

"म्हणजे प्रत्येक पेशीत वीजघर? मग माझ्या गुडघ्याची वीज कोणी तोडली?"

"तांत, पुढचा विचारा."

"विचारते गं बाई. घाई कसली, बटाटे पळून नाही चालले."

तिसऱ्या आठवड्यात अख्खं यंत्र प्रश्न विचारायला लागलं. ट्रॅक्टर हाकणारा गडी मागे वळून ओरडायचा, "आज काय आहे? मेंडेलचे वाटाणे? त्याने बटाटे लावले असते तर दोन वर्षं आधी शहाणा झाला असता." उत्तर चुकलं की तांत उर्सुल एक ढेकूळ तिच्या बुटावर टाकायची. पहिल्या आठवड्यात ऑडिलचे बूट मातीने भरायचे. शेवटच्या दिवशी ते स्वच्छ होते, आणि तांत उर्सुल चिडली, की ही पोरगी आता म्हातारीला काही करमणूक ठेवत नाही.

वखारीत मात्र ती त्या वर्षी पाऊल टाकत नव्हती. बटाटे ओतायचं काम आलं की ती दुसऱ्या कोणाला तरी पाठवायची. आपला दोन सगळ्यांनी वाचलाय हे तिला माहीत होतं, चर्चच्या पायऱ्यांवर एका बाईने तिला गोड आवाजात विचारलंही होतं, "हिरवीत लिहिणारी ती तूच का?" मनातल्या मनात तिला एक आशा होती. खालच्या फळीपर्यंत बटाट्यांचा ढीग येतो, सात महिने तिथे घासतो. पेन्सिलीचं अक्षर ते किती टिकणार? वसंतात ढीग हलेल तेव्हा फळी कोरी झालेली असेल. खोडायचं नाही हा नियम माणसांना आहे, बटाट्यांना नाही.

हिवाळाभर जेवणाच्या सुट्टीत ती आणि डेल्फिन बाईंच्या टेबलापाशी बसल्या. डबा डाव्या हाताने, लिहिणं उजव्या. एकदा सवयीने ऑडिलने प्रश्नाखाली दोन ओळी लिहिल्या. बाईंनी तो कागद घेतला, न वाचता चुरगाळला आणि केराच्या टोपलीत टाकला. उत्तर बरोबर होतं. ऑडिलच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने नारिंगी वही उघडली आणि ते उत्तर पहिल्यापासून लिहून काढलं. तशी वेळ पुन्हा आली नाही.

मे महिन्यात परीक्षा झाली तेव्हा मैदानाच्या कडेला अजून बर्फाची मळकी रेघ होती. हॉलमध्ये हिरवी पुस्तिका हातात आल्याबरोबर ऑडिलने ती डावीकडे ठेवली आणि तिच्यावर कोपर दाबून बसली. पूर्ण दीड तास ते कोपर तिथून हललं नाही. घरी गेल्यावर पाहिलं तर कातडीवर पुस्तिकेच्या कडेचा वळ उमटला होता.

जुलै आला. त्या सकाळी ऑडिल वखारीत शिरली ती भिंतीकडे न बघता. ह्या वर्षी नऊ जण होते. ब्रेंट आता कॉलेजला होता, पण वखार त्याच्याच बापाची, त्यामुळे तो दाराशी बसलेला होता. सुरुवात डेल्फिनने केली.

"तीन," ती म्हणाली, आणि मग घाईघाईने, "मी पहिलं उत्तर हिरवीत सुरू केलं होतं. तीन ओळी. मग ही भिंत आठवली. चटकन नारिंगी ओढली. नाहीतर मी गेलेच होते."

ब्रेंट ह्या वेळी हसला नाही. ऑडिलने फोन उघडला. अंगठा दोनदा घसरला.

"चार."

कोणीतरी शीळ घातली. ब्रेंटने उठून खिशातली पेन्सिल तिच्यापुढे धरली. "घे," तो म्हणाला. "आणि गेल्या वर्षी बोललो ते..."

"राहू दे," ऑडिल म्हणाली. "तुझ्यामुळे चार महिने तरी जास्त अभ्यास झाला."

ती भिंतीकडे वळली. खालच्या फळीवर, तिने लिहिलं होतं नेमकं तिथेच, बियाण्याच्या खोक्याचा जाड पुठ्ठा चार खिळ्यांनी ठोकलेला होता. बटाटे घासून त्याचा वरचा कागद सोलवटून गेला होता. तिने नखांनी खिळे उपसून पाहिले, निघेनात. मग ब्रेंटने पक्कड आणून दिली. पुठ्ठा निघाला, आणि आत ते अक्षर काल लिहिल्यासारखं होतं. ऑडिल मिशो, जीवशास्त्र, २. आजूबाजूच्या फळ्यांवरचे गेल्या वर्षीचे इतर आकडे पुसट होऊन गेले होते.

"कोणी लावला हा?" तिने विचारलं.

ब्रेंटने दाराकडे मान केली. मोठ्यांना मज्जाव म्हणून लोरेन उंबऱ्याच्या बाहेरच उभी होती. कामावरून तशीच आली होती, हातमोजे पट्ट्यात खोचलेले.

"मम, हे तू केलंस?"

"ढीग ह्या भिंतीला टेकायच्या आदल्या दिवशी."

"पुसू द्यायचं होतंस की. वर्षभर मी वाट बघत होते, कधी पुसलं जातंय त्याची."

"ते माहीत होतं मला," लोरेन म्हणाली. "म्हणून तर ठोकला. पुसलं असतं तर आज चार कशाच्या शेजारी लिहिली असतीस?"

ऑडिल फळीकडे वळली. तिने गुडघे टेकले आणि दोनाच्या शेजारी चार लिहिला, तेवढ्याच उंचीचा. सल्ल्याची जागा तिने मोकळी ठेवली, कारण तो तिथे लिहिलेला होताच. मग पुठ्ठा पुन्हा जागेवर धरून तिने दाराकडे हात केला.

"मम, आत ये. खिळे तूच ठोक."

लोरेनने एकदा पोरांकडे पाहिलं. कोणी हरकत घेतली नाही, तेव्हा ती उंबरा ओलांडून आत आली.