यमुनाअक्काचा राग

यमुनाअक्काला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती नाकाला पदर लावून ड्यूटीवरच्या डॉक्टरांशी भांडत होती. घोळणा फुटून पदर रक्ताने भिजला होता, डोकं फुटेल असं दुखत होतं, तरी ती पलंगावर आडवी व्हायला तयार नव्हती.

"आडवी काबर पडू? मी मरेल शे का?"

मी जळगावच्या शहरी घरातली, नुकतीच परिचारिका होऊन धुळ्यातल्या एका दवाखान्यात लागले होते. साठ सालानंतरची ती वर्षं. अक्काची अहिराणी मला तेव्हा अर्धीमुर्धी कळायची. पण 'का म्हणून आडवी होऊ, मी मेलेय का' हे कळायला भाषा लागत नव्हती. तिच्या दंडाला पट्टा बांधला आणि पारा वर चढत गेला. डॉक्टरांनी पट्टा सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा पाहिलं आणि मला हळूच म्हणाले, "सिस्टर, हिला पलंगावरून उतरू देऊ नका. दोनशे चाळीस आहे."

अक्का दोंडाईच्याची. पन्नाशीची असेल. अंगाने काटक, कपाळाला कुंकू नाही, आवाज मात्र बाजारात घुमेल असा. तिथल्या एका शेठच्या खळ्यावर मिरच्यांची देठं खुडायला बायका यायच्या, त्यांची ती म्होरकी. तिला कुणी नेमलं नव्हतं. ती बोलायची आणि बाकीच्या तिच्यामागे उभ्या राहायच्या, एवढंच. खळ्यावर मिरचीचा खकाणा उडे आणि अंगावर पिणारी लेकरं तिथेच पोत्यावर निजवलेली असत, डोळे चोळत, खोकून खोकून रडत. लेकरांना समोरच्या कडुनिंबाखाली निराळा आडोसा करून द्या, असं अक्काचं मागणं होतं. शेठ आज करू, उद्या करू म्हणत राहिले. त्या दिवशी ती त्यांच्या गादीसमोर उभी राहून बोलत होती, आणि बोलता बोलताच नाकातून रक्ताची धार लागली; तसंच तिला धुळ्याला आणलं.

साहजिकच सगळे एकच सांगू लागले, रागाने झालं. आमचे मोठे डॉक्टर शिस्तीचे, कमी बोलणारे. त्यांनीही दुसऱ्या दिवशी पलंगाशी उभं राहून बजावलं, "बाई, आता रागवायचं नाही. राग आला की रक्तदाब वाढतो."

अक्का म्हणाली, "राग येस म्हनीसन रगत चढस, का रगत चढस म्हनीसन राग येस? आधी हाई सांगा."

डॉक्टर पुढच्या पलंगाकडे वळले.

त्याच संध्याकाळी कोपऱ्यातल्या पलंगावरची एक पोर भांड्यासाठी कधीची हाका मारत होती. पाय मोडलेला, उठता येत नव्हतं. आया बाहेर गप्पा मारत बसलेली. अक्काने पलंगावरूनच अशी आरोळी ठोकली की आया धावत आलीच, शेजारच्या पुरुषांच्या वॉर्डातले दोघंही दारात येऊन उभे राहिले. "आते वनी का? पोर कवयपशी हाका मारी राहिनी," अक्का म्हणाली. मी तिला गप्प बसवायला हवं होतं, माझी ड्यूटीच ती होती. मला मात्र मनातून फार बरं वाटलं.

त्या काळी रक्तदाबावर औषधं थोडी. सर्पगंधेपासून केलेली गोळी सगळीकडे चाले, आमच्याकडेही तीच. आधी सुई, मग गोळ्या. गुण आला. नाकातलं रक्त थांबलं, डोकेदुखी उतरली, पारा रोज थोडा थोडा खाली येऊ लागला. आणि पाऱ्याबरोबर अक्काही खाली येऊ लागली.

आधी मला वाटलं, थकली असेल. ती दिवसा झोपायची. नाक चोंदलेलं, डोळे जड. जेवणाचं ताट आलं तसं परत जायचं. मग तिचं बोलणं थांबलं. तिचा थोरला मुलगा रामदास दोंडाईच्याच्या स्टेशनवर मालधक्क्याला कामाला होता. तो रविवारी आला, आईकडे बघून खूश झाला आणि मला म्हणाला, "सिस्टर, औषध काय नामी आहे! जन्मात पहिल्यांदा आई मला 'बस' म्हणाली आणि पुढे काही बोलली नाही." एके दिवशी शेठही मोसंब्यांची पिशवी घेऊन आले. डॉक्टरांना म्हणाले, "चार-सहा महिने इथंच विश्रांती घेऊ द्या. आमच्या घरच्यासारखी आहे ती." अक्का त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. लेकरांचा विषय तिने काढलाच नाही.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातली पोर पुन्हा हाका मारत होती. अक्का जागी होती. तिने ऐकलं आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. भांडं घेऊन मीच धावले.

त्या दुपारी मी तिची वेणी घालत होते. एकाएकी तिच्या डोळ्यांतून पाणी गळू लागलं. हुंदका नाही, काही नाही, नुसतं पाणी. म्हणाली, "बाई, मी कोठे गयी वं? खळावरनी पोरं याद करस, तरी माले काहीच वाटस नही. मन्हा जीव कोनी लई गया?"

मी तिची समजूत घातली. आजारपणात असं होतं, म्हटलं. पण तिची समजूत पटली नसावी, कारण सकाळच्या राउंडला डॉक्टर आले तेव्हा ती पलंगावर उठून बसली होती. भिंतीला हात टेकून, कष्टाने, पण बसली होती. गोळी तळहातावर धरून तिने डॉक्टरांसमोर केली.

"हाई गोळी मी घेनार नही."

"मग उद्या झटका येईल. अर्धं अंग लुळं पडेल. चालेल?"

"नही चालनार. मी मराले वनी नही आठे. पन हाई बी चालनार नही."

"दोन्हीपैकी एक निवडावंच लागतं, बाई."

"काबर? तुम्हना कपाटमा एकच बाटली शे का?"

मोठ्या डॉक्टरांशी असं बोलताना मी कुणाला ऐकलं नव्हतं. त्या सकाळी आईला भेटायला आलेला रामदास पुढे सरसावला, "साहेब, तिचं मनावर घेऊ नका. हीच गोळी चालू ठेवा. घरात सुख आहे."

अक्का मुलाकडे वळली. आवाज लहान होता, पण त्यात जुनी धार होती. "तुले सुख शे. माले शे का, हाई कोनी इचारं?"

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला होता. आता हे काहीतरी कडक बोलणार असं मला वाटलं. ते माझ्याकडे वळले. "सिस्टर, पहिल्या दिवशी बाई कशा होत्या?"

मी सांगितलं. आरोळीचं सांगितलं, भिंतीकडे वळल्याचं सांगितलं, वेणी घालतानाचंही सांगितलं. शेवटी धीर करून म्हणाले, "साहेब, आलेली बाई ही नव्हे."

त्यांनी अक्काची नाडी पाहिली. मग म्हणाले, "ही गोळी काही जणांचं मन असं विझवते. मी ते पुस्तकात वाचलं होतं. तुमच्यात पाहायला हवं होतं." आणि त्यांनी ती बंद केली. तिच्या बदली लघवी वाढवणारी गोळी लिहिली, जोडीला आणखी एक. "पण माझीही अट आहे. मीठ बंद. लोणचं, पापड बंद. आणि जी गोळी देईन ती एक दिवसही चुकवायची नाही. हे जमणार नसेल तर माझ्याशी भांडू नका."

"जमाडसू," अक्का म्हणाली.

पुढचे दिवस आम्ही सगळे घाबरून होतो. पारा पुन्हा चढला, डोकं पुन्हा ठणकू लागलं. "पुन्हा जुनी सुरू करू का?" डॉक्टरांनी विचारलं. दात आवळून अक्का म्हणाली, "थांबा आखो." खानदेशातली बाई अळणी वरण आणि बिनमिठाचा ठेचा पुढ्यात घेऊन बसायची आणि घासाघासाला मिठाला शिव्या घालत ताट संपवायची. हळूहळू पारा उतरला. हवा तितका नाही. डॉक्टर म्हणाले, "एवढ्यावर राहू. आकड्याच्या मागे लागून बाईला पुन्हा निजवणार नाही."

मन मात्र लवकर परतलं नाही. ते औषध अंगातून सावकाश जातं म्हणे. मी रोज वाट बघायची. मग एका सकाळी मी चादर बदलत असताना ती कडाडली, "हाई चादर शे का गोणपाट? आनी कोपरा कोन खोसनार, तुन्हा बाप?" मी चादर हातात घेऊन हसतच सुटले. कोपऱ्यातली पोरही हसली. अक्काला आमच्या हसण्याचा आणखीच राग आला.

पुढे माझी बदली दोंडाईच्याच्या दवाखान्यात झाली. अक्का महिन्याच्या महिन्याला रक्तदाब मोजायला यायची. बरं वाटलं की गोळी सोडणारे किती पाहिले मी! शिकलेले, पैसेवाले. अक्काने सोडली नाही. "गोळी शे म्हनीसन तर बरं वाटस ना," ती इतर पेशंटांना दरडावायची.

ती बरीच वर्षं जगली. अखेर गेली ती रक्तदाबानेच, सकाळी चुलीपाशी झटका आला आणि दुपारपर्यंत संपलं. रामदास सांगायला आला तेव्हा दारातच बसला आणि लहान मुलासारखा रडला.

मला मात्र ती आठवते ती खळ्यावरची. दवाखान्यातून घरी आल्यावर लेकरांच्या आडोशाचं तिने पुन्हा काढलं होतं. महिने गेले तरी शेठ दाद देत नव्हते. मी बदलून आले तशी ती एकदा मला हाताला धरून सोबत घेऊन गेली. मागे बायका, कडेवर पोरं, हवेत तो खकाणा. शेठ गादीवरून उठले, हात जोडून गोड आवाजात म्हणाले, "अक्का, बस, पाणी पी. डॉक्टरांनी सांगितलंय ना, रागवायचं नाही? रक्तदाब वाढेल."

अक्का बसली नाही. पदर कमरेला खोचत म्हणाली, "त्यानी गोळी मी सकायलेच लिधी शे, शेठ. आते तुम्ही बोला."

पुढच्या आठवड्यात कडुनिंबाखाली आडोशाचे पत्रे आले.