दोन्ही हात पाटीला

आमच्या गावात बायका चावडीसमोरून जाताना चपला काढून हातात धरत. तिथं पुरुष बसलेले असत, एवढंच कारण. माझी आई तर चावडी दिसायच्या आधीच वाकायची.

हुमनाबादहून एकदाच आलेली ती बोहारीण मात्र डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन, पान चघळत, चपला फटफट वाजवत थेट चावडीपुढं आली. मी आईचं बोट धरून मागंच होते.

"ए बाई, चपला हातात घे!" एक म्हातारा ओरडला.

ती पाटीसकट सावकाश वळली. "घेते की अप्पा. पर माजे दोन्ही हात पाटीला हाईत. तुमीच या, काढा, अन् धरून माज्या मागं चला."

कुणी उठेना.

"कामून बसलाव? उठा की," तिनं अगदी काळजीनं विचारलं, थोडी वाट पाहिली आणि निघून गेली.

तिचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी आई माझ्या मावशीकडं निघाली ती डोक्यावरची घागर दोन्ही हातांनी घट्ट धरून, पायात चपला घालून. चावडीपुढून ती तशीच ताठ चालत गेली.

घागर रिकामी होती, आणि विहीर गावाच्या दुसऱ्या टोकाला.