समासातली ओळ

शनिवार, १९ नोव्हेंबर १९८३. सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी सिहोऱ्याचे लक्ष्मणराव दाढीच्या ब्लेडने वहीच्या समासातली एक ओळ खरवडत होते. बारा वर्षांची शाई निघेना. कागद मात्र फाटला.

लक्ष्मणराव गावातल्या चार ख्रिस्ती घरांच्या प्रार्थनेतले वाचक; लोक मास्तर म्हणत. १९७१ साली मंडळीच्या एकुलत्या एका बायबलला वाळवी लागली, तेव्हा हाती लागले तेवढे वाचवावे म्हणून त्यांनी मार्कचे शुभवर्तमान मोठ्या अक्षरांत वहीत उतरवले. पुढे वाचन वहीतूनच होऊ लागले. दुसऱ्या अध्यायात पक्षघाती माणसाला बाजेसकट छपरातून प्रभूसमोर सोडतात. तिथे समासात त्यांनी प्रवचनासाठी स्वतःचे वाक्य टिपले होते : ‘ज्याच्या बाजेजवळ प्रभू उभा, त्याला दुसऱ्या वैद्याची गरज नाही.’

मंडळीतली शकुबाई त्यांच्याकडे अक्षरे शिकली ती हीच वही उतरवून. दिसेल ते लिहायचे, एवढेच तिला ठाऊक. समासातले वाक्य तिच्या वहीत मजकुरात आले. लक्ष्मणरावांनी ती वही तपासली, वाक्य पाहिले आणि खोडले नाही. ते तिथे शोभत होते.

१९७९ साली शकुबाईचा नवरा ईश्वर तापाने फणफणला. तेच वाक्य म्हणत ती बाजेजवळ बसून राहिली. दवाखान्यात नेले नाही. नवव्या दिवशी तो गेला. मातीच्या वेळी वाचन लक्ष्मणरावांनीच केले.

काल भंडाऱ्याहून पास्टर आले, मंडळीसाठी नवे छापील बायबल घेऊन. शकुबाईने त्यांना ते वाक्य पाठ म्हणून दाखवले.

“हे बायबलात नाही, बाई,” ते म्हणाले. “पण नवल नाही. मूळ लिखाण कोणाकडेच उरले नाही. आहेत त्या नकला. नकलणाऱ्यांनी समासातले कधी आत घेतले, ते जुन्या नकला ताडून पाहिल्या की कळते.”

लक्ष्मणराव तेव्हा तिथेच होते.

फाटलेले पान तसेच टाकून ते शकुबाईच्या खळ्यावर गेले. ती धान पाखडत होती.

“या मास्तर! आज खळ्यावर? धोतर खोचून सूप धरता का?”

“शकुबाई, ते वाक्य...”

“आयकलं नं काल. कोन्या मुडद्यानं घुसवलं असन?”

“मीच लिवलं होतं, समासात. तुह्या वहीत आलं ते बी पाह्यलं होतं.”

सूप थांबले.

“आन् त्र्याहत्तरात तुमाले ताप आला, तवा?”

“भंडाऱ्याच्या दवाखान्यात गेलतो.”

“मालूम हाये. बसवर मीच तं सोडून देल्लं होतं.” ती सुपाकडेच पाहत होती. “वहीत आखीन किती तुमचं हाये?”

“तेवढंच.”

“कायवरून?”

तिने सूप खाली ठेवले.

“छापील पुस्तक मी धरीन,” शकुबाई म्हणाली. “तुमी वही वाचा. सगळ्याइसमोर.”

उद्या रविवार. प्रार्थना सकाळी साडेआठला. वाचन मार्क, अध्याय पहिला, पहिल्या वचनापासून. वही लक्ष्मणराव वाचतील, छापील ओळीवर बोट शकुबाईचे असेल.