हौसाकाकूंनी कढवलेली चरबी

मांडवीत आमच्या भिंतीला भिंत लागून हौसाकाकूंचं घर. मी मासे खाणारा आणि खाल्ल्यावर त्यांची चर्चा करणारा माणूस. काकूंच्या गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे मासळीचा वासही वर्ज्य. आमच्याकडे बांगडा तळायला घेतला की त्यांची मागची खिडकी धाडकन बंद व्हायची. एखाद्या दिवशी झाली नाही तर बांगडा शिळा आहे की काय, अशी मला शंका यायची.

अशा बाईच्या घरात गेल्या वर्षी मटण शिजू लागलं, आणि तेही तिच्याच हातानं.

कारण नात. आठ वर्षांच्या सानिकाला आकडी यायची. औषधं वाढवून झाली, बदलून झाली, तरी खेळता खेळता पोर धाडकन पडायची. शेवटी कोल्हापूरच्या डॉक्टरांनी तिचा आहारच बदलायचं ठरवलं. भात, भाकरी, साखर जवळजवळ बंद. शरीराला लागणारी ताकद बहुतेक सगळी चरबीतून मिळाली की कधी कधी आकडी थांबते, असा तो उपचार. दूध-तुपानं सानिकाच्या अंगावर गांधी उठतात. मागच्या अंगणात नारळ लोंबत होते, पण खोबरेल पोटात गेलं की पोट बिघडायचं. उरलं मटण, कोंबडी, अंडी आणि त्यांची चरबी. बाप संदेश बोटीवर, आई नम्रता जयगडला बंदराच्या कामावर. दुपारचं ताट काकूंवर आलं.

काकूंनी एका शब्दानं कुरकुर केली नाही. पडवीत वेगळी शेगडी मांडली, पदर नाकाला बांधला आणि शिजवायला लागल्या. चव अर्थातच बघायची नाही.

रोज सकाळी सानिकाच्या लघवीत एक पट्टी बुडवायची. पट्टी जांभळी झाली की समजायचं, आहार लागू पडतोय. ती काही जांभळी होईना. जेमतेम गुलाबी व्हायची, आणि आकडीही पूर्वीसारखीच यायची. डॉक्टरांकडच्या आहार ठरवणाऱ्या बाई फोनवर एकच सांगायच्या, चरबी वाढवा. नम्रता आत्माराम खाटकाकडून चरबीचे तुकडे जास्त आणायची. पट्टीचा रंग तोच. आणखी महिनाभर बघू, नाहीतर हा उपचार सोडून देऊ, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा नम्रताचा चेहरा बघवेना. हाच शेवटचा उपाय होता.

त्याच आठवड्यात काकूंची मोरी तुंबली. मी तार घेऊन गेलो. तारेला लागून पांढरेशुभ्र गोळे बाहेर यायला लागले.

"काकू, मोरीत काय ओतता हो?"

"काय ओतणार? मटणाचां पाणी. मटण आधी खळखळून उकळायचां, पाणी टाकून द्यायचां, परत शिजवताना जां तवंग येतां तां काढायचां. तेव्हा कुठे साफ होतां तां."

बोलता बोलता त्यांची नजर माझ्या हातातल्या गोळ्यावर गेली. त्या पायरीवर बसून राहिल्या.

ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. मटण खाणाऱ्याला तवंग म्हणजे चव. काकूंना ती चरबी म्हणजे घाण वाटत होती, आणि नातीच्या पोटात घाण जाऊ नये म्हणून त्या रोज जीव ओतून ती काढून टाकत होत्या. मला हसू आलं नाही.

संध्याकाळी नम्रता दारात आली तेव्हा काकू उभ्याच होत्या. जसं झालं तसं त्यांनी सांगून टाकलं. नम्रता त्यांना हात धरून आत घेऊन गेली.

दुसऱ्या दिवसापासून चरबी मंद आचेवर कढवून बरणीत भरली जाऊ लागली. पण आता सानिका ताट सरकवायची.

"खा गो बाय," काकू म्हणायच्या.

"तोंडात मेणबत्ती चिकटल्यासारखं होतं. तू खाऊन बघ मग."

मी घास खाऊन छान म्हटलं. "काका खोटं बोलतात," सानिका म्हणाली. खरं होतं ते.

काकूंनी चपला घातल्या आणि त्यांना माळ देणाऱ्या धाकूबुवांकडे गेल्या. बुवा भला माणूस. म्हणाले, "पोरीचं औषध आहे, शिजवा खुशाल. पण तुम्ही खायची काय गरज?"

"मी खाल्ल्याबिगर पोर खायची नाय. बुवा, मी इचारायला नाय आले, सांगायला आलेय."

त्यांनी तिथंच माळ उतरवली आणि घरी आणून देव्हाऱ्यात ठेवली.

पहिला घास पडवीबाहेर पडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसल्या, तिसऱ्या दिवशी पुन्हा. खाता खाताच त्यांच्या लक्षात आलं, चरबी कढत असेतो गोड लागते, थिजली की मेण. मग ताटच वाफेवर तापवायला लागल्या. खिमा वाढला की वरून चरबी ओतायची, आणि कोंबडीची कातडी तिच्याच चरबीत कुरकुरीत करून द्यायची. दुपारी माझ्या खिडकीतून ऐकू यायचं, "आटप गो, थिजतां बघ," आणि पाठोपाठ दोघींचं हसणं.

भजनातल्या काही बायकांनी काकूंना मागच्या ओळीत बसवलं. ज्यांचे नवरे धाब्यावर गुपचूप कोंबडी चापून येतात, त्या या बायका. मी भांडायला निघालो होतो, काकूंनी अडवलं. मागं वारा चांगला लागतो म्हणाल्या.

एका सकाळी नम्रता पट्टी हातात घेऊन आमच्या दारात आली. गर्द जांभळी. लघवीची पट्टी बघून डोळे भरून येणारा मी मांडवीतला पहिलाच माणूस असेन. आकड्या विरळ होत गेल्या. दिवाळीनंतर एकही आली नाही. तपासण्या ठीक आहेत, आहार अजून चालू ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं.

कोल्हापूरहून आल्यावर नम्रता काकूंना म्हणाली, "आई, आता सानिका आपली आपण सगळं खाते. तुम्ही माळ घाला परत."

काकू शेगडीपाशी होत्या.

"एकटी खाते म्हणून पोरीला एकटीलाच जेवायला बसवायची?" त्या म्हणाल्या, आणि दुसरं ताट वाफेवर ठेवलं.